झोपेच्या गोळ्यांचा ओव्हरडोस कोड कसा करायचा: नवीन मेडिकल कोडरसाठी स्टेप बाय स्टेप

बीफार्म, नर्सिंग, बीएचएमएस, लाइफ सायन्स असं काहीतरी करून पुण्यात नाहीतर नवी मुंबईत कोडिंगला लागलेल्या मुलामुलींना इमर्जन्सीचे चार्ट सुरू झाले की सगळ्यात जास्त अडायला होतं ते ओव्हरडोसच्या चार्टवर. औषधाचं नाव सापडतं, बुकातल्या औषधांच्या टेबलमध्ये कोडचे सहा कॉलम दिसतात आणि मग अंदाजपंचे एक उचलला जातो. ऑडिटला माझ्याकडे जे चार्ट येतात त्यात औषध चुकलेलं क्वचितच असतं, चुकलेलं असतं ते औषध कसं आणि का घेतलं गेलं हे. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय ज्या क्रमाने चार्ट वाचायला पाहिजे.

आपण इथे बसून कोड करतो ते बहुतेक चार्ट अमेरिकेतले, त्यामुळे इथलं सगळं आयसीडी-१०-सीएमप्रमाणे, म्हणजे अमेरिकेत डायग्नोसिससाठी वापरतात त्या कोडप्रमाणे आहे. कोड देवनागरीत लिहिलेत, बुकात आणि एन्कोडरमध्ये तेच इंग्रजी अक्षरांत दिसतील, म्हणजे टी४२.४एक्स१ए मध्ये टी, एक्स आणि ए ही अक्षरं आहेत आणि बाकी आकडे.

सुरू करण्याआधी जवळ काय पाहिजे:
- चालू वर्षाचं आयसीडी-१०-सीएम बुक किंवा एन्कोडर (कोड शोधायचं सॉफ्टवेअर). वर्ष १ ऑक्टोबरला बदलतं, आणि कोड लावताना डिस्चार्जची तारीख बघायची (आउटपेशंट असेल तर व्हिजिटची), आजची नाही.
- ऑफिशियल गाइडलाइन्स. सीडीसी आणि सीएमएस या अमेरिकन सरकारी संस्थांच्या साइटवर फुकट मिळतात, त्यातला चॅप्टर १९ चा भाग प्रिंट काढून टेबलावर ठेवा.
- सीपीटी (प्रोसिजर आणि व्हिजिटचे कोड) बुक, प्रोफेशनल साइड म्हणजे डॉक्टरच्या कामाचं बिल करत असाल तर.
- पूर्ण चार्ट: ॲम्ब्युलन्सची शीट, ट्रायेज नोट, ईडी (इमर्जन्सी डिपार्टमेंट) डॉक्टरची नोट, दिलेल्या औषधांचा चार्ट, लॅब, सायकियाट्री कन्सल्ट, डिस्चार्ज समरी. यातलं एखादं पान आलं नसेल तर आधी ते मागवा.

१. औषध कुठल्या घरात जातं ते बघा

चार्टवर बहुतेक वेळा ब्रँडचं नाव असतं. झॅनॅक्स म्हणजे अल्प्राझोलॅम, ॲटिव्हॅन म्हणजे लोराझेपॅम, क्लोनोपिन म्हणजे क्लोनाझेपॅम, व्हॅलियम म्हणजे डायझेपॅम. हे सगळे बेन्झोडायझेपिन, घर टी४२.४. फेनोबार्बिटालसारखे बार्बिट्युरेट टी४२.३ मध्ये. ॲम्बियन म्हणजे झोल्पिडेम, हे झोपेसाठीच असलं तरी बेन्झो नाहीये, ते टी४२.६ मध्ये जातं. बॅक्लोफेनसारखे मसल रिलॅक्सन्ट टी४२.८. आणि डॉक्टरने नुसतंच 'सिडेटिव्ह ओव्हरडोस' लिहिलंय, नाव कुठेच नाही, तर टी४२.७.

"झोपेची गोळी" एवढ्यावर जाऊ नका. अमेरिकेत दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या कितीतरी झोपेच्या गोळ्यांत डायफेनहायड्रामिन असतं, ते ॲलर्जीचं औषध, टी४५.० मध्ये जातं. ट्रॅझोडोन आणि क्वेटियापिन पण झोपेसाठी सर्रास लिहून देतात, ती टी४३ मध्ये.

अजून एक, एक्सची जागा. टी४२.४ मध्ये पाचवं अक्षर एक्स आणि सहावं इंटेंट (औषध कसं, कुठल्या हेतूने घेतलं ते), म्हणजे टी४२.४एक्स१ए. टी४२.७ मध्ये उलटं, पाचवं इंटेंट आणि सहावं एक्स, टी४२.७१एक्सए. टेबलवरून थेट उचलाल तर इथे फसाल, प्रत्येक वेळी टॅब्युलर (बुकातली क्रमाने लावलेली कोडची पूर्ण यादी) उघडून कोड पूर्ण करा, गाइडलाइनच तसं सांगते.

२. औषध कसं घेतलं गेलं ते ठरवा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पॉयझनिंग, ॲडव्हर्स इफेक्ट आणि अंडरडोसिंग, या तिघांतलं कुठलं हे आधी ठरायला पाहिजे.

डॉक्टरने लिहून दिलं, पेशंटने सांगितल्याप्रमाणेच घेतलं, तरी त्रास झाला, तर ॲडव्हर्स इफेक्ट. समजा आजीबाईंना लोराझेपॅम चालू आहे, बरोबर डोस घेतला आणि दिवसभर गुंगी आली, तर आधी त्रासाचा कोड आर४०.० आणि मग टी४२.४एक्स५ए.

काहीही चुकीचं झालं असेल तर पॉयझनिंग. चुकीचं म्हणजे जास्त घेतलं, दुसऱ्याची गोळी घेतली, नर्सने चुकीचा डोस दिला, डॉक्टरने चुकीचं लिहून दिलं, चुकीच्या मार्गाने दिलं. आणि दोन गोष्टी ज्या नवीन लोकांना पटकन पटत नाहीत: एक, औषध बरोबर घेतलं पण सोबत दारू प्यायली आणि दोघांमुळे त्रास झाला, तर ते पॉयझनिंग. दोन, लिहून दिलेलं औषध बरोबर घेतलं पण त्याच्याबरोबर मनाने दुसरं औषध घेतलं जे लिहून दिलेलं नव्हतं, आणि दोघांच्या एकत्र येण्याने त्रास झाला, तर तेही पॉयझनिंग. 'पण त्याने गोळी तर बरोबर घेतली होती ना' हा प्रश्न मला नेहमी येतो. गोळी बरोबर होती, जोडी चुकली, आणि गाइडलाइन जोडी बघते.

अंडरडोसिंग म्हणजे लिहून दिल्यापेक्षा कमी घेतलं किंवा मनाने बंद केलं. वर्षानुवर्षं क्लोनाझेपॅम घेणाऱ्याने अचानक बंद केलं आणि फिट आली, अशा वेळी टी४२.४एक्स६ए येऊ शकतो, पण हा कोड पहिल्या नंबरवर कधीच येत नाही.

३. इंटेंट: चार्टमध्ये जे लिहिलंय तेवढंच

पॉयझनिंग ठरलं की इंटेंटच्या जागेवर चारपैकी एक आकडा. १ अपघाताने, २ स्वतःला इजा करण्यासाठी, ३ दुसऱ्याने केलेला हल्ला, ४ ठरवता न येणारं.

इथला सगळ्यात मोठा सापळा ४ चा आहे. चार्टमध्ये इंटेंटबद्दल काहीच लिहिलेलं नाही म्हणून लोक ४ लावतात. चूक. काहीच लिहिलं नसेल तर नियमाप्रमाणे १. ४ तेव्हाच, जेव्हा डॉक्टरने स्वतः लिहिलंय की इंटेंट ठरवता येत नाही. मात्र 'लिहिलेलं नाही' म्हणायच्या आधी सायकियाट्रीची नोट उघडून बघा, कारण ईडीच्या नोटमध्ये नसलेली गोष्ट बऱ्याचदा तिथे असते.

२ लावलात तर परत टी१४.९१, म्हणजे सुसाइड अटेम्प्टचा कोड, लावायची गरज नाही, इंटेंट त्या टी कोडमध्येच आलाय. आर४५.८५१ हा नुसत्या विचारांसाठी आहे. आणि बाहेरून वेगळा एक्स्टर्नल कॉज कोडही लागत नाही, जागेचा वाय९२ मात्र माहिती असेल तर लावता येतो.

याच जागी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. २ हा आकडा एका माणसाच्या रेकॉर्डवर कायमचा बसतो, त्याच्या इन्शुरन्समध्ये, पुढच्या प्रत्येक हॉस्पिटलच्या स्क्रीनवर. आणि खरंच तसं असताना १ लावला तर पुढच्या डॉक्टरला धोका कळत नाही. त्यामुळे टार्गेटची घाई असली तरी या एका आकड्यासाठी पाच मिनिटं थांबा. असे चार्ट रोज वाचून वाचणाऱ्याच्या मनावरही येतं, आपल्या कामात याबद्दल कोणी बोलत नाही. तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या मनात असले विचार येत असतील तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

४. पेशंटला नेमकं काय झालंय ते समजून घ्या

कोडरला डॉक्टर व्हायचं नाहीये, पण चार्टवरचं चित्र ओळखता आलं तर क्वेरी (डॉक्टरला लेखी प्रश्न) कुठे टाकायची ते कळतं.

बेन्झो मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या यंत्रणेचा जोर वाढवतात. नुसतं बेन्झो जास्त झालं तर पेशंट गुंगीत, बोलणं अडखळतं, चालताना तोल जातो, जास्त असेल तर उठवूनही उठत नाही, पण बीपी, नाडी, श्वास बऱ्यापैकी ठीक असतात. म्हणून चार्टवर बेन्झो लिहिलंय पण पेशंटचा श्वास बंद पडत आलाय, श्वासनलिकेत ट्यूब टाकलीये, असं दिसलं की सोबत दुसरं काय होतं ते शोधा, बहुतेक वेळा ओपिऑइड किंवा दारू सापडते. बेन्झो आणि ओपिऑइडच्या जोडीमुळेच अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २०१६ मध्ये दोन्हीच्या माहितीपत्रकात बॉक्स्ड वॉर्निंग, म्हणजे चौकटीतला सगळ्यात कडक इशारा, टाकायला लावली.

बार्बिट्युरेटचं तसं नाही, ते एकटेच श्वास, बीपी आणि शरीराचं तापमान खाली नेतात. फेनोबार्बिटाल १९१२ पासून वापरात आहे, १९६० मध्ये पहिलं बेन्झो बाजारात आलं आणि बार्बिट्युरेट मागे पडले, त्याचं मोठं कारण हेच. आज फेनोबार्बिटाल मुख्यतः फिट्सच्या पेशंटकडे दिसतं.

उपचारात श्वासनलिका सांभाळणं, ऑक्सिजन, लागलं तर व्हेंटिलेटर, बाकी निरीक्षण. फ्लुमाझेनिल हा बेन्झोचा उतारा आहे पण तो चार्टवर फारसा दिसणार नाही, कारण रोज बेन्झो घेणाऱ्याला किंवा सोबत ट्रायसायक्लिक औषध घेतलेल्याला त्याने फिट येऊ शकते, आणि त्याचा असर लवकर उतरून पेशंट परत गुंगीत जाऊ शकतो. नॅलोक्सोन दिलेलं दिसलं म्हणून ओपिऑइडचा कोड लावू नका, बेशुद्ध पेशंटला ते अंदाजाने पण देतात. पॅरासिटामॉल लेव्हल आणि ईसीजी तर जवळजवळ प्रत्येक ओव्हरडोसला करतात, ते नुसतं तपासणं असतं.

युरिन स्क्रीनवर तर अजिबात विसंबू नका. बेन्झोची नेहमीची टेस्ट लोराझेपॅम आणि क्लोनाझेपॅम चुकवू शकते, झोल्पिडेम त्यात येतच नाही. आणि पॉझिटिव्ह आली तरी त्याचा अर्थ औषध शरीरात आहे एवढाच, ओव्हरडोस झालाय असा नाही. लॅबवरून डायग्नोसिस बनवायचा अधिकार आपल्याला नाही.

५. टी कोड आधी, बाकी सगळे नंतर

पॉयझनिंगमध्ये टी कोड पहिला आणि त्रासाचे कोड त्याच्या मागे. ॲडव्हर्स इफेक्टमध्ये उलटं, त्रास आधी आणि टी कोड मागे. हे पाठ करा, झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे.

मागे येणारे नेहमीचे कोड: जे९६.०१ ऑक्सिजन कमी असलेलं ॲक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर, जे९६.०२ कार्बन डायऑक्साइड वाढलेलं, जे६९.० ॲस्पिरेशन न्युमोनिया, जी९२.८ टॉक्सिक एन्सेफॅलोपॅथी, एम६२.८२ ऱ्हॅब्डोमायोलिसिस (खूप वेळ एका कुशीवर पडून राहिलेल्यांमध्ये दिसतं), आर४०.२० कोमा. यातला प्रत्येक डॉक्टरने शब्दांत लिहिलेला पाहिजे. पेशंटला ट्यूब टाकली म्हणजे रेस्पिरेटरी फेल्युअर झालंच असं धरायचं नाही, कधीकधी फक्त उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून पण टाकतात.

पेशंट व्हेंटिलेटरवर होता, आयसीयूत होता, म्हणून जे९६ पहिला टाकायचा मोह होतो. पॉयझनिंगची सीक्वेन्सिंगची (कोडच्या क्रमाची) गाइडलाइन वरचढ आहे, टी कोडच पहिला. इनपेशंटला मग केस डीआरजी (ज्यावरून हॉस्पिटलचे पैसे ठरतात तो गट) ९१७ किंवा ९१८ मध्ये जाते, ९१७ मोठी गुंतागुंत असेल तर. मागचे कोड नीट लावले तर पैसेही नीट येतात, त्यासाठी क्रम वाकवायची गरज नाही.

दोन-तीन औषधं असतील तर प्रत्येकाला स्वतःचा कोड. दारूसाठी टी५१.०. आणि पेशंटला आधीपासून सवय असल्याचं डॉक्टरने लिहिलं असेल, ॲब्युज किंवा डिपेंडन्स, तर एफ१३ चा कोड टी कोडच्या मागे जोडायचा, त्याच्या जागी नाही.

६. एक चार्ट सोडवून बघू

हा चार्ट शिकवण्यासाठी बनवलाय. ६८ वर्षांचे गृहस्थ, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुखण्यासाठी ऑक्सिकोडोन लिहून दिलेलं, ते सांगितल्याप्रमाणेच घेतलं. रात्री झोप येईना म्हणून बायकोच्या बाटलीतलं लोराझेपॅम घेतलं. सकाळी उठेनात. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी नॅलोक्सोन दिलं, श्वास सुधारला पण माणूस गुंगीतच राहिला. हॉस्पिटलमध्ये ब्लड गॅसमध्ये पीएच ७.२१, कार्बन डायऑक्साइड ७१, मास्कचा व्हेंटिलेटर लावला. ईडी डॉक्टर लिहितात, ॲक्यूट हायपरकॅप्निक रेस्पिरेटरी फेल्युअर, ऑक्सिकोडोन आणि लोराझेपॅम एकत्र झाल्याने, ओव्हरडोस, 'इंटेन्शनल असावा'. दुसऱ्या दिवशी सायकियाट्री लिहिते, आत्महत्येचा विचार नाही, झोपेसाठी घेतलं, अपघात. डिस्चार्ज समरीत नुसतं 'ओव्हरडोस'.

नॅलोक्सोनने श्वास सुधारून गुंगी तशीच राहणं, हे दोन औषधं असल्याचं जुळतं चित्र आहे. लोराझेपॅम लिहून दिलेलं नव्हतं, म्हणून ऑक्सिकोडोन बरोबर घेतलेलं असूनही दोन्ही पॉयझनिंग. म्हणजे टी४०.२एक्स आणि टी४२.४एक्स, दोन्ही पुढे, जे९६.०२ मागे. राहिला इंटेंट. ईडी एक म्हणते, सायकियाट्री दुसरं, आणि समरी गप्प. सायकियाट्रीचं पटतंय म्हणून आपणच १ टाकायचा नाही आणि ईडीचं पहिलं आहे म्हणून २ पण नाही. दोन डॉक्टरांच्या लिहिण्यात फरक असेल तर अटेन्डिंगला, म्हणजे पेशंटची मुख्य जबाबदारी असलेल्या डॉक्टरला, क्वेरी. क्वेरीत दोन्ही नोटमधलं जसंच्या तसं द्या, तारखेसह, आणि विचारा की इंटेंट काय होता, पर्यायात अपघात, स्वतःला इजा, ठरवता येत नाही, इतर, असं सगळं ठेवा. 'अपघात होता ना?' असं विचारलंत तर ती लीडिंग, म्हणजे उत्तर सुचवणारी, क्वेरी होते आणि ऑडिटमध्ये उडते. उत्तर अपघात आलं तर टी४०.२एक्स१ए, टी४२.४एक्स१ए, जे९६.०२.

७. सातवं अक्षर

ए म्हणजे पहिली व्हिजिट नाही, ए म्हणजे ॲक्टिव्ह उपचार चालू आहेत. पेशंट एका हॉस्पिटलमधून दुसऱ्यात हलवला, तिथे आयसीयूत उपचार चालू, तर दुसऱ्या हॉस्पिटललाही ए. नंतर बरं होण्याच्या काळातल्या फॉलो-अपला डी. मागे राहिलेल्या परिणामासाठी एस, आणि तेव्हा परिणामाचा कोड आधी येतो.

८. प्रोसिजर आणि ई/एम (डॉक्टरच्या व्हिजिटचे कोड)

प्रोफेशनल साइडला इमर्जन्सीच्या व्हिजिटचे ९९२८१ ते ९९२८५, आणि क्रिटिकल केअर असेल तर ९९२९१, त्यासाठी डॉक्टरने वेळ लिहिलेली पाहिजे, कमीत कमी ३० मिनिटं. ७४ मिनिटांच्या पुढच्या प्रत्येक ३० मिनिटांना ९९२९२, पण मेडिकेअर (अमेरिकेचा सरकारी विमा) तो १०४ मिनिटं पूर्ण झाल्यावरच देते. इंट्युबेशनचा ३१५०० वेगळा लागतो, आणि तो करायला गेलेला वेळ क्रिटिकल केअरच्या वेळेतून वजा असल्याचं नोटमध्ये दिसायला हवं.

इनपेशंट फॅसिलिटीला, म्हणजे हॉस्पिटलच्या बिलाला, पीसीएस (प्रोसिजरचे कोड): ट्यूबसाठी ०बीएच१७ईझेड, आणि व्हेंटिलेटर किती तास चालला त्यावर, २४ तासांच्या आत ५ए१९३५झेड, २४ ते ९६ तास ५ए१९४५झेड, त्याच्या वर ५ए१९५५झेड. हे तीन कोड ट्यूबवर चालणाऱ्या व्हेंटिलेटरचे, मास्कला लावू नका. तास रेस्पिरेटरी थेरपिस्टच्या शीटवरून मोजा, डॉक्टरच्या नोटमध्ये ते नेमके नसतात. ट्यूब दुसरीकडेच टाकून पेशंटला आणलं असेल तर मोजणी पेशंट तुमच्या हॉस्पिटलमध्ये पोचल्यापासून.

९. इथल्या हॉस्पिटलच्या एमआरडीत काम करत असाल तर

मुंबई, पुणे, गोवा, कुठल्याही हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंटमध्ये तुम्हाला डब्ल्यूएचओचं आयसीडी-१० भेटेल, सीएम नाही. तिथे टी४२.४ एवढ्यावरच कोड संपतो, इंटेंट त्यात नसतो. तो बाहेरून वेगळ्या कोडने सांगावा लागतो, अपघात एक्स४१, स्वतःला इजा एक्स६१, ठरवता न येणारं वाय११. अमेरिकन चार्टची सवय लागलेले लोक इथे हा दुसरा कोड विसरतात आणि मग आकडेवारीत त्या केसचं कारणच हरवतं. मृत्यूच्या दाखल्यावर तर मूळ कारण म्हणून हाच बाहेरचा कोड जातो. विषबाधेची केस मेडिकोलीगल असते, पोस्टमॉर्टेमनंतर व्हिसेरा राखून ठेवलेला असेल तर रिपोर्ट येईपर्यंत इंटेंट आपल्या मनाने भरू नका, आणि फॉर्मवर कारणाच्या जागी नुसतं 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून आलं असेल तर कोड न लावता तो डॉक्टरांकडे परत पाठवा.